सुबेदार साबांचा रेडिओ

शिलाँगला पोस्टिंग आली तेव्हा आधी तिथे राहून आलेल्या एका हवालदाराने एकच सल्ला दिला होता. बूट रोज पुस, नाहीतर तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशी येते. मला वाटलं, गंमत करतोय. जूनमध्ये पोचलो आणि आठवड्याभरात बुटाला, बेल्टला, पेटीतल्या पत्रांनासुद्धा पांढरी लव आली. चेरापुंजी तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. तिथून उरलेला पाऊस आमच्या डोक्यावर थांबून चहा पिऊन पुढे जायचा. ओल कुठवर शिरू शकते हे मी त्या पोस्टिंगमध्ये शिकलो, आणि ते शिकवलं एका रेडिओने.

साल १९९८. मी ईएमईचा हवालदार, ट्रेड रेडिओ मेकॅनिक. कॅन्टीनच्या रांगेत माझ्यापुढे एक बुटके, ताठ गोरखा साब उभे होते. रिटायर्ड सुबेदार, राहायला झालूपाड्यात. माझ्या खांद्यावरचा बिल्ला बघून त्यांनी विचारलं, "रेडियो वाला है क्या?" मी हो म्हणालो. "मेरा रेडियो बोलता नहीं, गुनगुनाता है," ते म्हणाले.

एवढ्यावरून मला निम्मा आजार कळला.

रविवारी आउटपास घेऊन गेलो. पत्र्याचं छप्पर, लाकडी भिंती, दारात ऑर्किडच्या कुंड्या. साबांच्या मिसेसना सगळी गल्ली आमा म्हणायची, मीही तेच म्हणू लागलो. रेडिओ कोपऱ्यात, विणलेल्या रुमालाखाली. लाकडी कॅबिनेट, पुढे सोनेरी कापड, काचेच्या डायलवर गावांची नावं, वरच्या बाजूला हिरवा डोळा. सहा व्हॉल्व्हचा सेट. साबांनी तो १९६१ साली कलकत्त्याला सुट्टीवरून परतताना घेतला होता आणि गोहाटीपासून वर बसमध्ये मांडीवर धरून आणला होता.

त्यांनी कौतुकाने प्लग उचलला आणि सॉकेटकडे नेला. मी त्यांचा हात धरला. हवालदाराने सुबेदार साबांचा हात असा धरायचा नसतो. पण धरला.

तो का धरला हे सांगायला मला तेरा वर्षं मागे जावं लागेल.

आमच्या घरीही असाच एक रेडिओ होता. सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. वडील, म्हणजे आण्णा, प्राथमिक शिक्षक. गावात वीज आली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी पगारातून पैसे साठवून तो घेतला. दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स भरायचे, आणि ते पुस्तक घराच्या सातबाऱ्याबरोबर ठेवायचे. १९७१ च्या डिसेंबरात आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. ढाक्याची बातमी आली त्या रात्री आण्णांनी आवाज इतका वाढवला की देवळापर्यंत ऐकू गेला, असं आई सांगायची. मी तेव्हा सहा वर्षांचा. मला फक्त डायलमागचा पिवळा दिवा आठवतो.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि तो रेडिओ कपाटावर गेला. मी १९८३ साली भरती झालो, सिकंदराबादला ट्रेनिंग झालं, आणि १९८५ च्या सुट्टीत घरी आलो ते मेकॅनिक होऊन. आल्या आल्या तो रेडिओ खाली काढला, धूळ झटकली आणि आण्णांसमोर प्लग लावला. सरळ, २३० व्होल्टवर. तो वाजलाही! दहा मिनिटं वाजला. आण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. आवाज जरा घोगरा होता, पण मी म्हटलं, तापला की सुटेल. मग पाठीमागच्या भोकांतून धुराची एक रेघ निघाली आणि घरभर जळक्या लाखेचा वास पसरला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला होता. त्याच्याबरोबर आउटपुटचा व्हॉल्व्हही.

आण्णा म्हणाले, "राहू दे." आणि उठून वळचणीला ठेवलेली सायकल पुसायला गेले. त्यानंतर त्या विषयावर आमच्यात एक शब्द नाही.

तर साबांचा हात मी म्हणून धरला.

ज्यांनी व्हॉल्व्हचा सेट उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाकीच्यांनी हा भाग ओलांडून पुढे गेलं तरी चालेल, पण जुन्या मेकॅनिक मंडळींना चुका काढायला मजा येईल. जुना रेडिओ बंद पडला की माणसं आधी व्हॉल्व्हवर संशय घेतात. कारण ते दिसतात, काचेचे असतात, नाजूक वाटतात. खरं तर चांगला व्हॉल्व्ह चाळीस वर्षं सहज काढतो. आधी मरतात ते कंडेन्सर. आता त्याला कपॅसिटर म्हणतात, पण आमच्या पिढीच्या तोंडात कंडेन्सरच बसलेला आहे. चेसिसच्या खालच्या बाजूला, मेणाने माखलेल्या विडीच्या तुकड्यांसारखे जे दिसतात, ते कागदाचे. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये कागद, गुंडाळी करून वरून मेण. मेण कितीही लावा, वर्षानुवर्षांत कडेने ओल आत शिरतेच, आणि ओला कागद वीज अडवत नाही. वर चेसिसवर उभा असतो तो अ‍ॅल्युमिनियमचा डबा. तो इलेक्ट्रोलिटिक. त्याचं दुखणं उलटं. त्यातला ओलावा वाळतो. एकाला पाणी लागतं म्हणून मरण, दुसऱ्याला पाणी सुटतं म्हणून मरण. शिलाँगच्या हवेत पहिल्याचे हाल जास्त.

वरच्या डब्याचं काम गावच्या हौदासारखं. पंप पाणी ढकलतो ते गचके देत, पण हौदाच्या खालच्या तोटीतून धार एकसारखी येते. रेक्टिफायरमधून येणारी वीज सेकंदाला शंभर गचके देते. हौद आटला की ते शंभर गचके सरळ स्पीकरमध्ये. तीच साबांची गुणगुण.

पहिल्या रविवारी मी फक्त चेसिस बाहेर काढली आणि कागदावर चित्र काढलं. कुठली तार कुठून कुठे, कुठल्या कंडेन्सरवर काय लिहिलंय. हे चित्र काढायचा कंटाळा करणाऱ्या मेकॅनिकच्या हाती सेट देऊ नये. मग दोन हजार ओहमचा एक जाड रेझिस्टर लावून डबा डिस्चार्ज केला. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी काढणारे पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांची बोटंही पाहिलीत. सेट चालू असताना मोजमाप घ्यायचं तर डावा हात खिशात, हे आम्हाला उस्तादांनी शिव्या देऊन शिकवलं होतं.

इलेक्ट्रोलिटिक पोलीस बाजारातल्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मिळाले. मूळ डबा ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचा होता, मी ४७ चे दोन घेतले, ४५० व्होल्टचे. दुकानदार म्हणाला, शंभरचे घ्या, आवाज आणखी साफ येईल. ही चूक खूप लोक करतात. रेक्टिफायरचा ईझेड ८० एका हद्दीपर्यंतच मोठा हौद भरू शकतो, पन्नासच्या वर गेलात तर चालू करताना त्याचीच कंबर मोडते. जुना डबा मी जागेवरच ठेवला, दिसायला. त्याच्या तारा सोडवल्या आणि नवे दोन खाली चेसिसमध्ये बसवले.

आणि मग सिरीज बोर्ड. साठ वॅटचा बल्ब रेडिओच्या मालिकेत. सेटमध्ये कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि सगळी वीज स्वतः खातो. नसेल तर एकदा भक्कन पेटून मंद होतो. ८५ साली माझ्याकडे सिरीज बोर्ड नव्हता असं नाही. एक होल्डर, एक बल्ब, दोन हात वायर. गावातल्या कुठल्याही दुकानात मिळालं असतं.

बल्ब मंद झाला. एक एक करत व्हॉल्व्ह तांबूस झाले. हिरवा डोळा उघडला. गुणगुण पार गेली आणि कुठलं तरी हिंदी गाणं आलं, घोगरं, नाकातून गायल्यासारखं, पण आलं. आमांनी स्वयंपाकघरातून कणीक लागलेल्या हातांनी डोकावून पाहिलं. साब उभेच राहिले. "बस, हो गया!" ते म्हणाले. "अब इसको ऐसे ही रहने दो।"

घोगरा आवाज. तो मी आधी एकदा ऐकलेला होता.

मीटर घेतला, डावा हात खिशात घातला आणि ईएल ८४ च्या ग्रिडवर प्रोब टेकवला. तिथे शून्य व्होल्ट पाहिजेत. मीटरने साडेपाच दाखवले. मी लगेच प्लग काढला.

या ग्रिडच्या तोंडाशी एक छोटा कंडेन्सर असतो, पॉइंट झिरो वन मायक्रोफॅरडचा. त्याच्या एका बाजूला आधीच्या व्हॉल्व्हचे नव्वद-शंभर व्होल्ट, दुसऱ्या बाजूला आउटपुटचा ग्रिड. त्याचं काम गेटवरच्या संतरीचं. गाण्याला पास आहे, ते आत सोडायचं. त्या नव्वद व्होल्टना पास नाही, ते बाहेर ठेवायचे. संतरी पेंगला की व्होल्ट आत झिरपतात, ग्रिडचा लगाम सुटतो, व्हॉल्व्ह भलताच करंट ओढायला लागतो आणि तो सगळा करंट जातो आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसाएवढ्या तारेतून. ती तार जळते. सेटमधली सगळ्यात स्वस्त वस्तू बिघडते आणि परत न मिळणारी वस्तू मरते. मधल्या काळात रेडिओ वाजत असतो, हीच त्यातली फसवणूक. माणसाला वाटतं, चाललाय की.

मी चेसिस उलटी केली आणि तो कंडेन्सर शोधला. तो कंपनीचा नव्हता.

बाकीचे सगळे एका घडणीचे, हा वेगळा. जाड, तपकिरी, लष्करी सेटमधून काढलेला असावा असा. आणि तो नुसता डकवलेला नव्हता, मेण लावलेल्या दोऱ्याने शेजारच्या पट्टीला बांधला होता. त्या दोऱ्याची गाठ मी ओळखली. वायरलेस सेटमधले तारांचे जुडगे बांधायची ती गाठ असते. आमच्याकडून ती इतक्या वेळा बांधून घेतली होती की अजूनही मी गवताची पेंढी बांधली तरी तशीच बांधतो. गावातल्या कुणा मेकॅनिकचं हे काम नव्हतं, फौजी हात होता.

"साब, यह किसने लगाया?"

साब आधी काही बोलले नाहीत. आमांनी चहा आणून ठेवला, वरून नेपाळीत काहीतरी म्हणाल्या. मग साब म्हणाले, "मेरा दोस्त था। पलटन में सिग्नल का हवालदार।"

१९७१ चा पावसाळा संपत आला होता. सरहद्दीपलीकडून निर्वासितांचे लोंढे मेघालयात उतरत होते आणि यांच्या पलटणीला हुकूम कधीही येईल अशी स्थिती होती. रेडिओ बंद पडला होता. साबांना काळजी अशी की आपण गेल्यावर घरी बातम्या कळणार कशा. त्या दोस्ताने एका रात्री बसून तो जोडून दिला. पुढे दोघे बरोबरच गेले. १६ डिसेंबरला ढाक्याच्या शरणागतीची बातमी आमांनी याच रेडिओवर ऐकली, ती आत आण्णांनी ऐकली तीच. साब जानेवारीत परत आले. दोस्त आला नाही.

साबांनी यापेक्षा जास्त सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फौजेत हे प्रश्न कुठे थांबवायचे ते कळतं.

"बाकी सब बदलो," ते म्हणाले. "इसको मत छेड़ना।"

मी "जी साब" म्हणालो. त्या शब्दाखेरीज दुसरं काही तोंडात आलंच नाही. बाकीच्या सगळ्यांमध्ये नेमका तोच सगळ्यात धोक्याचा होता, हे सांगायला त्या क्षणी जीभ वळली नाही. एवढं मात्र बजावलं, की कागदाचे कंडेन्सर इथे चांगले मिळत नाहीत, मी दोन महिने सुट्टीवर चाललोय, येताना पुण्याहून आणतो. तोवर रेडिओ लावायचा नाही. एक मिनिटसुद्धा नाही. साब हसले. वाजता रेडिओ बंद ठेवायचा, हे त्यांना पटलेलं दिसत नव्हतं. मी आमांकडे पाहिलं.

गोहाटी ते हावडा आणि हावडा ते पुणे या प्रवासात विचार करायला वेळ भरपूर मिळतो. आझाद हिंदच्या वरच्या बर्थवर पडून मी बेत पक्का केला. ही युक्ती जुने रेडिओ जमवणारे लोक नेहमी करतात. जुना कंडेन्सर काढायचा, हलकेच तापवायचा, मेण सुटलं की आतली गुंडाळी ओढून काढायची. पोकळ नळी राहते. त्यात नवा पॉलिएस्टरचा कंडेन्सर सरकवायचा. तो आकाराने इतका लहान असतो की ऐसपैस बसतो. दोन्ही तोंडं मेणबत्तीच्या मेणाने बंद करायची. वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. तोच दोरा, तीच गाठ. साबांना कळणार नाही, रेडिओ जळणार नाही, आणि मी दिलेला "जी साब" वरवर तरी मोडणार नाही. मला बेत फार आवडला. भुसावळपर्यंत मी स्वतःवर खूश होतो.

पुण्यात उतरून आधी बुधवार पेठ, तापकीर गल्ली. तिथे काउंटरवरच्या पोराला मी "पॉइंट झिरो वन" म्हणायच्या आत त्याने विचारलं, "सहाशे तीस व्होल्ट ना?" धंद्यातला माणूस असा असावा. एका प्लेट भज्यांच्या पैशात अर्ध्या सेटचे कंडेन्सर आले. टोन कंट्रोलचा एक घेतला तो हजार व्होल्टच्या वरचा, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर आवाजाच्या उसळीत व्होल्ट भलतेच चढतात. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे घेतले नाहीत. ते सहसा बिघडत नाहीत, आणि बिघडलं नसेल त्याला हात लावू नये.

घरी ओसरीवर पेपर पसरून मी ते सगळे एक एक करून मीटरवर तपासत बसलो होतो. आण्णा झोपाळ्यावर, हातात 'सकाळ'. बराच वेळ बघत होते.

"कुणाचा रेडिओ?"

"शिलाँगच्या एका साबांचा."

पान उलटल्याचा आवाज आला. मग आण्णा म्हणाले, "त्यांचा तरी जाळू नकोस."

तेरा वर्षांनी! मी खाली मान घालून हसलो, मग हसू गेलं. मी त्यांना सांगितलं, की तेव्हा नेमकं काय जळलं आणि का. पॉइंट झिरो वन, गेटवरचा संतरी, सगळं. आण्णा शिक्षक माणूस, नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "हे तेव्हा तुला शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं."

"मग?"

"तुम्ही समोर बसला होता. मला लगेच वाजवून दाखवायचा होता."

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, झालं. मग मी, विषय बदलावा म्हणून, साबांच्या दोस्ताची गोष्ट सांगितली आणि माझा पोकळ नळीचा बेतही सांगितला, थोडा फुशारकीनेच.

"त्यांना सांगितलंस का हे?" आण्णांनी विचारलं.

"नाही. म्हणून तर."

आण्णांनी पेपर पुन्हा वर धरला.

आमचा स्वतःचा रेडिओ तेव्हा माळ्यावर होता. त्याच्या स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्लेला. तो मी खाली काढला नाही.

नोव्हेंबरमध्ये शिलाँगला परत पोचलो. पाऊस गेला होता, हवा स्वच्छ, सकाळी गवतावर दवाचं पांढरं. झालूपाड्यात गेलो तर रेडिओवर रुमाल, रुमालावर आणखी एक चादर. प्लग होताच कुठे? आमांनी वायरचं टोक कापडात गुंडाळून शिवून टाकलं होतं. साबांनी तक्रारीच्या सुरात ते मला दाखवलं.

त्या दिवशी सात कंडेन्सर बदलले. एका वेळी एक. आधी जुन्याची तार बुडाशी न उचकटता कापायची, कारण व्हॉल्व्हच्या सॉकेटची पाकळी तुटली तर जन्माचं काम होतं. उरलेल्या शेपटीवर नव्याची तार वेटोळी करून घालायची, मग कथील. प्रत्येक जोडानंतर कागदावरच्या चित्रात खूण. साब शेजारी स्टुलावर बसून जुने कंडेन्सर एका ताटलीत ओळीने लावत होते, फॉलिन केल्यासारखे.

आठवा राहिला. मी इस्त्री स्टँडवर ठेवली. आमच्यात सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणायचे.

"साब, एक बात बतानी है।"

मी सगळं सांगितलं. साडेपाच व्होल्ट, घोगरा आवाज, ट्रान्सफॉर्मर. आमच्या घरी काय झालं तेही सांगितलं. पोकळ नळीचा बेतही सांगितला, आणि हेही की तुम्हाला न सांगता करणार होतो.

साब बराच वेळ त्या तपकिरी कंडेन्सरकडे बघत राहिले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"उसने ग़लत लगाया था?"

मी हा प्रश्न धरला नव्हता. सत्तावीस वर्षं ज्याने दोस्ताचं काम म्हणून जपलं, त्याला आता भीती ही, की ते काम कच्चं होतं की काय.

"नहीं साब. देखो." मी चिमट्याने जोड धरून ओढला. हलला नाही. "आप खींचो।" साबांनी चिमटा घेतला, जोरात ओढला. चेसिस टेबलावरून सरकली, जोड जागचा हलला नाही. मी त्यांना दाखवलं, की तार आधी पाकळीला पक्की गुंडाळलीय आणि मग कथील दिलंय. नुसत्या कथलाच्या भरवशावर सोडलेली नाही. इतका नीट जोड मी स्वतः दिला असता का, सांगता येत नाही. कागद ओलीने गेला होता. हाताची काही चूक नव्हती.

साबांनी मान हलवली. मग म्हणाले, "खोलना मत उसको। अन्दर से ख़ाली करके दिखाने के लिए रखना, वो ठीक नहीं।"

"तो साब?"

"ड्यूटी से हटा दो। लाइन में रहने दो।"

मी त्याच्या दोन तारांपैकी ग्रिडकडची एकच तार सोडवली आणि तिच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवला. दुसरी होती तशीच राहू दिली. दोरा सोडला नाही, गाठ सोडली नाही. खाली, त्याच्या बगलेत, पिवळा नवा कंडेन्सर बसवला, शेंगदाण्याएवढा. बाकीचे सात साबांनी ताटलीतून उचलून आमांच्या हवाली केले. त्यांनी त्यांचं काय केलं, ठाऊक नाही.

सिरीज बोर्ड. बल्ब भक्कन पेटला, मंद झाला. तापू दिलं. डावा हात खिशात. ग्रिडवर शून्य. कॅथोडवर सात व्होल्ट, पाहिजेत तेवढेच. बल्ब काढून सरळ लाइनवर घेतला आणि पुन्हा मोजलं. शून्य.

साब बटण फिरवू लागले. हिंदी गाणं, खासीतला एक बाईचा आवाज, मग शिट्ट्या. "कर्सियांग लगाओ," आमा म्हणाल्या. आकाशवाणी कर्सियांगचे नेपाळी कार्यक्रम शॉर्टवेव्हवर यायचे. साब इतके हळू बटण फिरवत होते की डायलचा काटा हलतो की नाही ते कळेना. हिरव्या डोळ्याची दोन पानं जवळ जवळ आली, आणि नेपाळीत कुणीतरी बोलायला लागलं. आवाज भरदार, खालच्या पट्टीतला, लाकडातून येतो तसा. घोगरेपणाचा मागमूस नाही. आमा खाली बसल्या.

नोव्हेंबरात पाऊस येत नाही म्हणतात. त्या संध्याकाळी आला. पत्र्यावर असा कोसळला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. साब उठले आणि त्यांनी आवाज पूर्ण वाढवला. पाठीमागचं झाकण मी अजून लावलेलं नव्हतं. मी मागे गेलो, वाकलो आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. पाच मिनिटांनी पुन्हा घेतला. लाखेचा वास नव्हता. फक्त तापलेल्या धुळीचा येत होता.